भिंतीकडे तोंड करून

नाना, रविवारी तुमच्या घरी काकींनी मला जे सांगितलं, त्यापेक्षा त्यांनी माझ्या दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले. तेरावा झाला, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि मला वाटत होतं की माझंही रडून झालंय. नाना माझ्यावर रागावून गेले, मीही त्यांच्यावर रागावलेच होते, फिटंफाट झाली, अशी मी मनाची समजूत घातली होती. रविवारपासून तीही राहिली नाही. आता मी काय करू ते सांगा. बोला ना काहीतरी.

नाहीच बोलणार. बोलायचातच कुठे तुम्ही? पाच वर्षं दर रविवारी सकाळी अंबरनाथहून स्कूटी हाकत मी बेलवलीला तुमच्याकडे बासरी शिकायला आले, आणि त्या पाच वर्षांत तुमच्या तोंडापेक्षा मी तुमची पाठच जास्त पाहिली. पांढरी बंडी, मानेवरची चामखीळ, उजव्या खांद्याची उसवलेली शिवण. ती शिवण मला इतकी टोचायची की एकदा मी पर्समधून सुईदोरा काढून म्हटलं, "नाना, द्या ती बंडी, दोन मिनिटांत घालून देते टाके." तुम्ही भिंतीकडे बघतच म्हणालात, "सा लाव आधी. बंडी कुठं पळत नाय."

पहिल्या दिवशी तर मी उठून जाणारच होते. बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, श्वासाचं काहीतरी करा. प्राणायामाच्या वर्गाला गेले तर तिथे मला झोप लागायची. आणि मग बेलवलीत एका नातेवाइकांकडे जाताना तुमच्या गेटवरची पाटी दिसली. खडूनं लिहिलेली. 'बासरी शिकवतो. घाई असेल त्याने येऊ नये.' मला हसूच आलं. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात चाळीस मशीनींवर सुपरवायझर असलेली बाई मी. दिवसभर 'जल्दी करो, जल्दी करो' ओरडून ज्या बाईचा घसा बसतो, तिनं ती पाटी वाचून आत यावं! तुम्ही मला खुर्ची दिलीत, बासरी हातात दिलीत, बोटं कुठं ठेवायची ते दाखवलंत, त्या जुनाट तानपुऱ्याच्या पेटीचं बटण आगपेटीची काडी खोचून चालू केलंत, आणि माझ्याकडे पाठ करून बसलात. मला वाटलं, काहीतरी शोधतायत. मग कळलं, हीच शिकवणी.

"असं का हो?" मी विचारलं.

"तोंड बघितलं की मला दया येते," तुम्ही म्हणालात. "दया आली की मी बोलतो, चालतंय. आणि सूर तर नाय लागलेला."

म्हणजे कायदा असा. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात की शिकवणी सुरू. मी सा लावायचा. लागला नाही की तुम्ही दोनच शब्द बोलायचात. "नाय लागला." मी परत लावायचा. आणि ज्या दिवशी खरंच लागेल, त्या दिवशी तुम्ही वळून बघणार. बाकी शाबासकी नाही, काही नाही. वळून बघणं एवढीच शाबासकी. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरा भेटलाय गुरू. तुझं तोंड न बघता शिकवतोय, हुशार माणूस." आणि मी फुंकायला बसले की स्वतः गॅलरीत जाऊन बसायचा.

पाच वर्षांत तुम्ही तीनदा वळलात, नाना. तीनच वेळा. मला प्रत्येक वेळचा दिवस पाठ आहे.

पहिल्यांदा वळलात तेव्हा सात महिने झाले होते. सात महिने नुसता सा! घेरी यायची, ओठ दुखायचे, फुसफुस हवा जायची, आणि तुमचं आपलं "नाय लागला, नाय लागला." त्या दिवशी मी वैतागून, आता शेवटचं, उद्यापासून येणार नाही, असं ठरवूनच फुंकलं. आणि बासरी भरून आली. पेटीतल्या तानपुऱ्यात माझा सूर असा मिसळला की मला माझाच ऐकू येईना. मी दचकून डोळे उघडले तर तुम्ही वळलेले. "चहा घेणार?" म्हणालात. बस. एवढंच. मी स्कूटीवर रडत घरी गेले. शिवमंदिराजवळच्या फुलवालीनं विचारलं, "काय हो ताई, कोण गेलं?"

दुसऱ्यांदा, माझी आई गेली त्यानंतरच्या रविवारी. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आले, बसले, वाजवायला लागले. तुम्ही अर्ध्यातच वळलात, माझ्याकडे नीट पाहिलंत आणि काकींना हाक मारलीत, "अगो, हिला आधी जेवायला वाढ." तुम्हाला कसं कळलं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली आणि तुमच्या ओटीवर दोन तास झोपले.

आणि तिसऱ्यांदा तर शिव्याच खाल्ल्या मी. तुम्ही वळलात, आणि मी आनंदानं वाजवायचीच थांबले. असे भडकलात! "थांबलीस का? मी वळलो म्हणून थांबायचं? मी वळलो काय, नाय वळलो काय, तू थांबायचं नाय." मी म्हटलं, अहो नाना, पण आनंद झाला. तर म्हणालात, "आनंद नंतर कर."

हे वाक्य माझ्या डोक्यात रविवारपासून घण घालतंय. तू थांबायचं नाय. मी तर सुरूच केलं नाही हो, नाना. मी सुरूच केलं नाही.

आपलं ते भांडण तरी काय मोठं होतं! कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी बासरी वाजवली. तुम्हाला न विचारता. एक भजनाची चाल होती, तीन मिनिटांची. दूध आटवत असलेल्या बायका चमचे सोडून ऐकायला आल्या, टाळ्या पडल्या, कोणीतरी व्हिडिओ काढला. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्यासाठी पहिल्यांदा कोणी टाळ्या वाजवल्या होत्या. मी नाचत तुमच्याकडे आले, मोबाइल पुढे केला. तुम्ही काय केलंत? मोबाइल मांडीवर पालथा घातलात. चित्र खाली, आवाज वर. पालथा मोबाइल ऐकलात आणि म्हणालात, "नाय लागला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"श्वास चोरतेस तू," तुम्ही समजावत होतात. हे तुमचं जुनंच म्हणणं. "संपेल, संपेल म्हणून आधीपासूनच कंजुषी करतेस. म्हणून सूर सुरुवातीलाच बारीक येतो. अगो, संपू दे ना. संपला तर परत घ्यायचा. हवाच ती."

पण मी ऐकत होते कुठे? माझं तोंड सुटलं होतं. कारखान्यात चाळीस मशीनींवरून ऐकू जाणारा आवाज तुमच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत लावला मी. "अख्ख्या सोसायटीला आवडलं, एकट्या तुम्हालाच नाही! आवडेल कसं? तुम्ही कधी बघता का माझ्याकडे? पाच वर्षं पाठ बघतेय मी तुमची. माणसाला तोंड दाखवायची ज्याची हिंमत नाही, त्यानं शिकवायला बसू नये!"

काकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हाताला पीठ. तुम्ही तानपुऱ्याची काडी काढलीत. पेटी बंद पडली. "पाठ बघायची नसंल तर नको येऊ, बाय," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. चढवला असतात तर मी दुसऱ्या रविवारी आले असते, देवाशपथ. आपण दोघं ओरडलो असतो आणि मिटलं असतं. तुम्ही शांत बोललात आणि मला ते कायमचं वाटलं.

जीभ हासडून टाकावीशी वाटते आता.

तीन महिने आले नाही. रविवारी मुद्दाम कपाटं आवरत बसायचे. तुम्ही बोलवाल असं वाटायचं, आणि तुम्ही बोलवणारे नाहीत हेही माहीत होतं. हेंद्रेपाड्याला मावशीकडे जाताना तुमची गल्ली टाळून लांबून जायचे. एवढी अक्कडबाज! आणि घरी रोज सा लावत होते बरं का. तुमच्यावर चिडून लावायचे, की बघा, आता आला का भरून. आणि कोणी 'नाय लागला' म्हणायला नसलं की कळतच नाही हो, लागला की नाही.

मग काकींचा फोन आला की तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलंय, छातीत पाणी झालंय, येऊन जा. फोन ठेवला तशी मी निघाले. बासरीही घेतली. तीच पिशवी, जीन्सच्या उरलेल्या कापडाची, सहा कप्प्यांची. तशीच एक तुम्हालाही शिवून दिली होती, तेव्हा हसून हसून खोकला आला होता तुम्हाला. "बासऱ्यांना पँट शिवलीस काय गो?" वापरायचात मात्र तीच. मी आले, तेव्हा तुमची खुंटीवर टांगलेली होती आणि माझी माझ्या खांद्यावर.

तुम्ही उताणे पडला होतात. केवढेसे झाला होतात हो, नाना! माझ्याकडे पाहिलंत. नीट पाहिलंत, ओळखलंत, ते मला कळलं. मी "नाना" म्हटलं. आणि तुम्ही हळूहळू, एक हात पलंगाच्या कडेला धरून, कुशीवर वळलात आणि भिंतीकडे तोंड केलंत.

मी उभीच राहिले. मला वाटलं, हे घे. मी म्हटलं होतं ना, तोंड दाखवायची हिंमत नाही? घे मग, बघ पाठ. मरणाच्या दारातसुद्धा माझा शब्द मला परत देतायत, असं वाटलं. म्हटलं, "पाणी देऊ का?" तुम्ही बोलला नाहीत. "बरं वाटतंय का आता?" नाही बोललात. दहा मिनिटं मी तुमच्या पाठीमागे उभी होते. तीच बंडी होती, तीच उसवलेली शिवण. तुमचा श्वास वाजत होता. डोळ्यांत पाणी येत होतं ते मी रागानं आत ढकललं, काकींना "येते" म्हटलं आणि निघाले. स्कूटीला किक मारताना मी काय बोलले माहितेय? म्हातारा मेला तरी हट्ट सोडणार नाही.

गुरुवारी तुम्ही गेलात.

आता काकींनी सांगितलेलं सांगते. रविवारी मी त्यांना भेटायला आले होते. सवयीनं, शिकवणीच्याच वेळेला. त्यांनी चहा ठेवला, माझ्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "एक इचारू का, वैशाली? त्या दिवशी वाजवलीस का नाय गो?"

मी म्हटलं, "काय?"

"अगो, तू आलीस आणि ते वळले ना. दोन दिवस त्यांना कुशीवर वळता येत नव्हतं. आम्ही वळवायचो तर धाप लागायची, ओरडायचे. तू आलीस आणि आपले आपण वळले. मी म्हटलं, आता ही वाजवते. मी गॅससुद्धा बंद केला, आवाज नको म्हणून. आणि तू गेलीस."

मी कप खाली ठेवला.

"सांच्यापर्यंत तसेच होते भिंतीकडे. सरळ करू का म्हटलं तर नको म्हणाले. मग म्हणाले, बाय गेली काय? म्हटलं, गेली. म्हणाले, बासरी नव्हती काय आणली तिनं? मी म्हटलं, पिशवी तर दिसत होती खांद्याला."

"मग?"

काकी कपात बघत म्हणाल्या, "मग काय. म्हणाले, म्हंजे राग नाय गेला तिचा अजून."

नाना! अहो नाना! राग कसला हो? माझा कसला राग! तुम्ही पाठ केलीत, म्हणजे शिकवणी सुरू केलीत. पाच वर्षांत दोनशे वेळा तरी तुम्ही माझ्याकडे पाठ केली असेल, आणि प्रत्येक वेळी मला त्याचा अर्थ कळला. सुरू कर, मी ऐकतोय. आणि नेमक्या त्या दिवशी कळला नाही. एखाद्या परक्या माणसाला वाटलं असतं की म्हातारा रुसलाय, तर समजू शकते. मला असं वाटावं? मला? तुम्ही छातीत पाणी झालेलं असताना, धापा टाकत, माझ्यासाठी कुशीवर वळलात, आणि मी खांद्यावर बासरी घेऊन तुमचं पाणी विचारत बसले. एक सा लावायचा होता. वाईट लागला असता तरी चाललं असतं. 'नाय लागला' म्हणाला असतात, ते ऐकायला मिळालं असतं.

आणि तुम्हीसुद्धा! एक शब्द बोलला असतात तर? 'वाजव' म्हणायला काय जात होतं? एवढा कसला तुमचा कायदा? बघा, परत भांडायला लागले. पण खरंच सांगते, याचंही तुम्हाला विचारायचंय मला. बोलायला श्वासच नव्हता का तुमच्याकडे? की तुम्हाला वाटलं, हिला सांगायची गरजच नाही? हे दुसरं असलं तर मी कुठे तोंड लपवू?

सोमवार, मंगळवार मी घरी बासरी लावून पाहिली. हवा जाते, नाना. नुसती हवा. पहिल्या दिवशी जायची तशी. वरची तीन भोकं बंद, ओठ जागेवर, सगळं बरोबर, आणि सूर म्हणून काही नाही. नवरा गॅलरीतून उठून आत आला आणि शेजारी बसला. कारखान्यात तर माझा आवाजच निघेना. मशीनी चालू, पोरी गप्पा मारतायत, आणि मी नुसती उभी. शेठ केबिनमधून बाहेर आले आणि त्यांच्या सिंधी-हिंदीत काय झालं विचारायला लागले. "छा थियो, वैशाली? तबियत ठीक नहीं क्या? आज चिल्लाया नहीं तूने." म्हटलं, मेरे सर गुजर गये. ते म्हणाले, कब? मी म्हटलं, आज. वीस दिवस झालेत हे मी त्यांना सांगितलंच नाही. मला तर खरंच ते आजच झाल्यासारखं वाटत होतं.

त्यांनी अर्धी सुट्टी दिली आणि मी सरळ बेलवलीला आले. हे आज दुपारचंच सांगतेय तुम्हाला.

काकी एकट्या होत्या, तांदूळ निवडत. तुमच्या खोलीत तुमचा फोटो लावलाय, पलंग होता त्याच भिंतीवर. कंपनीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलाय. तुम्ही त्यात समोर बघताय, एकदम सरळ, माझ्या डोळ्यांत. असं तुम्ही माझ्याकडे कधी बघितलं होतंत? मला ते सहन होईना. मी पुढे झाले, हार बाजूला केला आणि फोटो उचलून खुंटीवर उलटा टांगला. तोंड भिंतीकडे.

"अगो ए, काय करतेस?" काकी धावतच आल्या. "असं नको करू, अशुभ असतं."

मी बासरी काढली. काकी कोपऱ्यात गेल्या, तानपुऱ्याच्या पेटीवरची धूळ पदरानं पुसली आणि बटणात आगपेटीची काडी खोचली. पेटी वाजायला लागली. तुमची खुर्ची रिकामीच होती, मी माझ्या खुर्चीवर बसले. समोर तुमच्या फोटोची मागची बाजू होती. पुठ्ठा, दोन खिळे आणि फ्रेमवाल्याचा कागद.

"नाना," मी मोठ्यानं म्हटलं, काकींसमोरच, "मी रागावले नव्हते. मला कळलं नाही. मी मूर्ख बाई आहे, मला कळलं नाही. आता वाजवते, ऐका."

पहिल्यांदा हवाच गेली. दुसऱ्यांदा थोडा आवाज आला, चिरका. तिसऱ्यांदा मी श्वास घेतला आणि सगळाच्या सगळा सोडला. काही मागे ठेवलं नाही, नाना. संपेल म्हणून वाचवला नाही. सूर आला. कापत होता, खाली उतरत होता, मध्येच माझा हुंदका त्यात घुसला, तरी मी थांबले नाही. संपला तेव्हा परत घेतला. परत सोडला. किती वेळ ते माहीत नाही. काकी दाराला टेकून रडत होत्या. मी फोटोकडे बघत होते. मागच्या पुठ्ठ्याकडे. अहो, एकदा वळा. पुन्हा कधीच मागणार नाही, एकदाच वळा. असं मी मनात किती वेळा म्हटलं असेल.

शेवटी ओठ बधिर झाले, तेव्हा बासरी खाली ठेवली. काकींनी डोळे पुसले. पुढे आल्या आणि फोटो सरळ करायला त्यांनी दोन्ही हातांनी फ्रेम धरली.

"नको काकी," मी म्हटलं. "राहू द्या तसाच. नाय लागला अजून."